न ऐकलेली अकरा मिनिटं

आखातातल्या मआमीर गावाच्या बाजूला जो कारखाना आहे, तिथे गुरुप्रसादची सही मिळवणं म्हणजे एक दिव्य. वेल्डिंग करायचं असो की टाकीत उतरायचं असो, परमिटवर त्याची सही लागते, आणि हा बाबा जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नाही. पंचेचाळीस डिग्रीत शिड्या चढेल, पण एसीत बसून सही करणार नाही. वर आणखी एक खूळ. हा परमिट वाचणार, काम करणाऱ्याने ते नीट ऐकायचं आणि मग स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवायचं. एक शब्द चुकला की परत पहिल्यापासून. लोक वैतागतात, पाठीमागे नावं ठेवतात. पण बावीस वर्षांत त्याच्या सहीखाली कोणाचं बोटसुद्धा भाजलेलं नाही. त्याला याचा गर्व आहे, आणि असावाच.

असा हा माणूस घरी आला की जहाजं बुडवत बसतो. दुसऱ्या महायुद्धातल्या आरमारांचा एक ऑनलाइन गेम आहे. आखातातले आणि भारतातले मिळून चार हजार खेळाडू एका ग्रुपवर जमतात, आणि गुरुप्रसाद तिथला मॉडरेटर. म्हणजे कोण शिव्या देतंय, कोण आग लावतंय ते बघायचं, मेसेज उडवायचे, फारच झालं तर माणसालाच बाहेर काढायचं. पगार नाही, मान नाही, बोलणी मात्र रोज. हेमा, त्याची बायको, म्हणते, "अमवाजला समुद्रासमोर फ्लॅट घेतला भाड्याने, आणि नवरा बघतोय स्क्रीनवरचा समुद्र."

युद्धाचा गेम म्हटला की इतिहास दुरुस्त करून देणारे हमखास येतात. अमुक कत्तल झालीच नाही, तमुक छावणी म्हणजे तर दवाखानाच होता. असल्या महाभागांसाठी ग्रुपचा नियम चौथा होता, की युद्धातले अत्याचार कोणी नाकारले तर त्याला बाहेर काढायचं. नियम गुरुप्रसादनेच लिहिलेला. पण राबवताना त्याने आपला कारखान्यातला हिशेब लावला. पाइपातून वायू गळायला लागला की दोन्हीकडचे व्हॉल्व्ह आधी बंद करायचे, कुठून येतोय ते मागाहून बघू. तसंच इथे. नाकारणाराही बाहेर आणि त्याला तावातावाने उत्तर देणाराही बाहेर. ग्रुप गार. चार वर्षं सगळे त्याची पाठ थोपटत होते, की इतका शांत ग्रुप दुसरीकडे नाही. आता माणसं म्हणजे काय पाइप आहेत का? पण हे तेव्हा त्याला सांगणार कोण.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने मोबाइल उघडला तर तक्रारींचा ढीग. 'ॲडमिरल' नावाच्या एकाने लिहिलं होतं, की जपान्यांनी अंदमान घेतलं तेव्हा तिथल्या हिंदी माणसाला बोटही लावलं नाही, ती सगळी इंग्रजांची बनवाबनवी. त्याला 'ब्लेअर' नावाच्या दुसऱ्याने उत्तरं दिली होती. पहिल्यांदा सभ्य, मग तापलेली, आणि शेवटी एक आवाजी मेसेज, अकरा मिनिटांचा. गुरुप्रसादने डब्यातली भेंडी खाता खाता दोघांनाही बाहेर काढलं. काढताना ॲप विचारतं, या माणसाचे गेल्या सात दिवसांचे मेसेज पुसू का? त्याने दोन्ही वेळा हो म्हटलं. भेंडी संपायच्या आत सगळं खलास.

गुरुवारी त्याच्याकडे एक अर्ज आला, 'ब्लेअर'चा. बाहेर काढलेल्यांना अर्ज करायची सोय असते, आणि बहुतेक जण तिथे शिव्या लिहितात. या अर्जात शिवी नव्हती. इंग्रजी लिपीत लिहिलेली हिंदी होती, तिचा अर्थ असा: 'नियम मोडला असेल तर माफ करा. मला परत घेऊ नका हवं तर. पण तो आवाज माझ्या नानीचा होता. तिच्या वडिलांचं काय झालं ते तिने ऐंशी वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. फोन स्पीकरवर टाकून दुसऱ्या फोनने थेट ग्रुपवरच रेकॉर्ड केलं होतं, माझ्याजवळ कॉपी नाही. तुमच्याजवळ असेल तर द्या. नावेद, तुबली.'

गुरुप्रसादने सगळीकडे शोधलं. पुसलेला मजकूर एका ठिकाणी साठत होता, आवाज मात्र साठत नव्हता. ॲपवाल्यांना लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की गेलेलं परत येत नाही. तोंड एवढंसं करून तो जेवायला बसला तेव्हा हेमाने काय झालं ते विचारून घेतलं.

"पण होतं काय त्या अकरा मिनिटांत?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"ऐकलं नाही मी."

हेमाने हातातली पोळी खाली ठेवली. "तू?" एवढंच म्हणाली.

त्या एका शब्दाने त्याचा चेहरा उतरला. लाज वाटली त्याला, अगदी कानाच्या पाळीपर्यंत. बावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्याने भेंडी खाता खाता केलं होतं.

शुक्रवारी सकाळी तो तुबलीला गेला. नावेदला त्याने आधीच कळवलं होतं. सुट्टी असल्यामुळे नावेदच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं आणि आत रंगाचा वास कोंडला होता. नावेद पस्तिशीचा, गाड्यांचे पोचे काढून रंग मारणारा, पोर्ट ब्लेअरचा. त्याने पाहुण्यासाठी एक खुर्ची पुसून ठेवली होती. बोलणं सगळं हिंदीत झालं, पण आपण आपलं मराठीत ऐकू.

"कॉपी नाही मिळाली, नावेदभाई," गुरुप्रसाद उभ्याउभ्याच म्हणाला. "चूक माझी आहे. मी ते ऐकलंसुद्धा नव्हतं."

नावेदने कोपऱ्यावरून दोन करक, म्हणजे इकडचे दाट दुधाचे कडक चहा आणले. शिवी दिली असती तर बरं, असं गुरुप्रसादला झालं. चहा हातात घेऊन त्याने विचारलं, नानी पुन्हा सांगतील का?

"नाही सांगणार. एकदाच सांगेन, असं म्हणाली होती." नावेद कपाकडे बघत होता. "ते सोडा, सर. ती रोज फोनवर विचारते, ऐकलं का रे लोकांनी? मी म्हणतो, हो नानी, पुष्कळांनी ऐकलं. रोज खोटं बोलतो मी तिच्याशी."

गुरुप्रसादने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "लावा फोन. मी बोलतो."

नावेदला ते पसंत नव्हतं, पण त्याने व्हिडिओ कॉल लावला. नव्वदी ओलांडलेली बाई, डोक्यावरून ओढणी, मागे निळी भिंत. तिने डोळे बारीक करून पाहिलं. "हे कोण?"

"नानी, हे आमच्या ग्रुपचे मोठे साहेब."

"ऐकलं का यांनी?"

नावेद हो म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात गुरुप्रसाद पुढे झाला. "नाही, नानी. मीच ते पुसून टाकलं. न ऐकता."

नावेदने मान खाली घातली. नानी फोनच्या आणखी जवळ आली.

"खोटं वाटलं म्हणून पुसलंस?"

"नाही. भांडण नको म्हणून."

"भांडण नको म्हणून," ती म्हणाली. रागावली नव्हती, तिला ते नीट समजून घ्यायचं होतं. मग तिने नातवाला बजावलं, "नावेद, रेकॉर्डिंग लावू नकोस. मशीनमधलं पुसतात. याने ऐकलेलं नाही ना, तर याला सांगते. बस, बेटा."

गुरुप्रसाद खुर्चीवर बसला. नानीने सांगितलं. मध्ये दोनदा पाणी प्यायली. ती थांबली की तो वाट बघायचा. सांगून झाल्यावर त्याने खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाला, "नानी, आमच्या कामात ऐकलेलं परत म्हणून दाखवायची पद्धत आहे. चुकलं तर थांबवा."

"म्हण."

"तुम्ही नऊ वर्षांच्या होतात. तुमचे वडील इस्पितळात कंपाउंडर होते. जपानी सैनिक घरी आले आणि इंग्रजांचा हेर म्हणून त्यांना जेलमध्ये घेऊन गेले. तुमची आई रोज पितळी डब्यात भात आणि मासे भरायची. तुम्ही तो डबा जेलच्या फाटकावर द्यायचात. संध्याकाळी डबा रिकामा परत यायचा. आई म्हणायची, जेवतोय, म्हणजे जिवंत आहे. असे पंधरा दिवस."

"सतरा."

"सतरा दिवस. अठराव्या दिवशी तिथल्या झाडूवाल्याने सांगितलं, की डबा पहारेकरीच खातात. तुमचे वडील तर दुसऱ्याच दिवशी गेले."

"गेले नाहीत." नानीचा आवाज चढला नाही. "मारलं त्यांना. काठ्यांनी, त्या सैनिकांनी. तू भला माणूस दिसतोस, बेटा, पण बोलताना मारणाऱ्याला वगळू नकोस."

गुरुप्रसादने मान डोलावली. त्याने परत पहिल्यापासून सुरुवात केली. "तुम्ही नऊ वर्षांच्या होतात."