नेहमीचं वाक्य

“दुसरं कुणी नको, आई. तुम्हीच ठेवा गोळ्या.”

सिस्टर बेसिनपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्या वळल्या. आपल्याच सुनेला संकोच वाटेल म्हणून त्यांनी दुसऱ्या नर्सला आधीच सांगून ठेवलं होतं. कितीही माया केली तरी सासू ती सासूच. तिच्यापुढे पाय दुमडून झोपायचं म्हणजे कुठल्याही बाईला मेल्याहून मेल्यासारखं होणार.

“अवघडशील गं,” त्या म्हणाल्या.

“आता कसलं अवघडायचं राहिलंय?” सून छताकडे बघत म्हणाली. “आणि तुमचा हात गरम असतो म्हणे. मघाशी पलीकडच्या बाई सांगत होत्या.”

ते खरंच होतं. या वॉर्डात सिस्टरांचं आयुष्य गेलं होतं, आणि सकाळचं हे काम पहिल्यापासून त्यांच्याचकडे. गर्भाची पिशवी साफ करायची किंवा आतून तपासायची तर तिचं तोंड घट्ट मिटलेलं असतं. हत्यारानं जबरदस्तीनं उघडायला जावं तर इजा व्हायची भीती. म्हणून काही तास आधी आत गोळ्या ठेवायच्या, म्हणजे तोंड मऊ पडतं, सैल होतं. काम मिनिटभराचं, पण गार बोट लागलं की बाई नखशिखांत आखडते. म्हणून सिस्टर आधी गरम नळाखाली हात लाल होईपर्यंत धरायच्या आणि मगच हातमोजा चढवायच्या. “सिस्टर, रिटायर झालात तरी हात इथेच ठेवून जा,” असं डॉक्टर चिडवायचे.

त्यांची दुसरी सवय बोलण्याची. गोळ्या ठेवून झाल्या, चादर नीट ओढली, की त्या म्हणायच्या, “झालं हं. पुढच्या वेळी बाळाला दाखवायला आण.” बाईला तेवढाच धीर. हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की एकदा तपासणीला आलेल्या एका आजीबाईंनाही त्या तसंच म्हणून गेल्या. आजीबाई खो खो हसल्या होत्या. “आणते, पण आमच्या ह्यांना कोण सांगणार?” त्या दिवशी अख्खा वॉर्ड हसत होता.

सुनेची ही तिसरी वेळ; आधीची दोन्ही पोटातच गेली होती. मागच्या वेळी इतकं रक्त गेलं, की जिवावरचं थोडक्यात निभावलं. आणि या वेळी, तिसरा महिना सरत आला म्हणून घरात जरा कुठे मोकळा श्वास घेतला जात होता, तर सोनोग्राफीच्या पडद्यावर सगळं शांत. काल डॉक्टरांनी सिस्टरांना, मुलाला आणि सुनेला समोर बसवून स्पष्टच सांगितलं होतं, “आता पुन्हा नको. या वेळी मी हिला धडधाकट तुमच्या हवाली करीन. पुढच्या वेळची हमी मी देणार नाही.” तेव्हापासून मुलगा बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. कुणी काही विचारलं की “होईल सगळं ठीक,” म्हणायचा. सुनेची आई फोनवर तेच म्हणायची, शेजारीण तेच म्हणायची.

सासू तेवढी तसं म्हणाली नव्हती. पहिल्या वेळी सगळे शब्द फिरवत असताना तिच्या उशाशी बसून सिस्टर एवढंच म्हणाल्या होत्या, “गेलं गं ते.” सून त्यांच्या कुशीत शिरून पोटभर रडली होती. तेव्हापासून तिचा विश्वास असेल तर तो या एका माणसावर.

“आई, एकदाच सांगा. ठोका नव्हताच ना?”

“नव्हता.”

“तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“दोनदा सोनोग्राफी केली, दोन्ही वेळा पाहिलं. नव्हता गं.”

“मग ठेवा.”

सिस्टरांनी हात नळाखाली धरला. पाणी चटका देत होतं, तरी त्यांनी तो काढला नाही. मग हात सवयीनं चालला. सुनेनं डोळे गच्च मिटले. सिस्टरांनी हातमोजा उतरवला, चादर गुडघ्यांवरून खाली ओढली, कडेला खोचली.

“झालं हं,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वेळी बाळाला दाखवायला आण.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं.

सुनेनं डोळे उघडले. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली.

“हे तुम्ही सगळ्यांनाच म्हणता?”

“हो.”

“मला वाटायचं, तुम्ही तरी माझ्याशी खोटं बोलणार नाही.”

तिनं कूस बदलायला घेतली, पण गोळ्या ठेवल्यावर उताणंच पडून राहायचं असतं हे आठवून नुसतं तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत इतक्या बायकांना आपण हे ऐकवलं. त्यातल्या कितीजणींना पुढची वेळ नव्हतीच, आणि त्यांनी मुकाट्यानं मान डोलावली असेल.

समोरच्या खाटेवरची मुलगी वाट बघत होती. सिस्टरांनी तिच्या गोळ्या ठेवल्या, चादर ओढली आणि तशाच उभ्या राहिल्या.

“काही म्हणालात का, सिस्टर?”

“नाही. पडून राहा.”

थोड्या वेळानं सुनेला हुडहुडी भरली. या गोळ्यांनी भरतेच. सिस्टरांनी दोन ब्लँकेटं घातली, तिच्या कळा येऊन जात होत्या तेव्हा शेजारी उभ्या राहिल्या. सुनेनं तोंड त्यांच्याकडे वळवलं नाही. स्ट्रेचर आलं, तेव्हाही नाही.

पिशवी साफ करून परत आणली तेव्हा ती अर्धवट गुंगीत होती. ओठ सुकले होते. मुलगा दारात घुटमळला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसला.

“झालं?” तिनं डोळे न उघडता विचारलं.

सिस्टर खाली वाकल्या.

“गेलं गं ते,” त्या म्हणाल्या. “आता पुन्हा नाही.”

सुनेच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. तिनं चाचपडत सासूचा हात शोधला आणि ओढून आपल्या ओटीपोटावर ठेवला. हात गार होता, बर्फासारखा. ती दचकली, पण तिनं तो सोडला नाही.