ताकद सहा

लिंबायतच्या योगितानं दोन वर्षं ताकद सहाचा लढवय्या खेळवला, आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

खेळ ललितचा. शाळेपासूनचा तिचा मित्र. त्यानं कुठून तरी एका जुन्या परदेशी खेळाच्या पुस्तिकेची झेरॉक्स मिळवली होती. कारखान्यांच्या सुट्टीला चौघं त्याच्या खोलीत जमायची आणि ललित सांगेल त्या तळघरात राक्षसांशी लढायची. आपलं पात्र फासे ठरवणार. तीन फासे, सहा वेळा. पहिली बेरीज ताकदीची, मग अक्कल, मग शहाणपण, असं ओळीनं. अठरा म्हणजे भीम, तीन म्हणजे काडीपैलवान. योगिताला ताकद सहा पडली आणि अक्कल त्याहून कमी, म्हणजे जादूगार व्हायचीही सोय नाही. ज्याचं काहीच जमत नाही तो लढवय्या.

"परत टाकू?" तिनं विचारलं होतं.

"नियम सगळासले सारखा," ललित म्हणाला होता.

तिला तेच आवडलं. ती साडीच्या पॅकिंगला जाई तिथं शेठच्या मर्जीतल्या बायका पंख्याखाली, घरी दुधाचा पेला भावाला. सगळ्यांना सारखं असं तिच्या वाट्याला हे एवढंच आलेलं. म्हणून त्या मरतुकड्या लढवय्याला तिनं जीव लावला. नाव ठेवलं भूरा.

गेल्या आठवड्यात खेळात कुणीतरी मागं थांबून दार अडवायचं होतं. चौघांतल्या लखनचा लढवय्या ताकद सतराचा. तगडा वाचायला हवा, असं ललितनंच सुचवलं. भूरा थांबला आणि मेला. हसायचं तर हसा, पण योगिता घरी जाऊन रडली.

आज ललितच्या खोलीत नवं पात्र करायचं होतं. लखन अजून यायचा होता. भूराचे आकडे लिहिलेला पुठ्ठा काढायला तिनं पात्रं ठेवायचा साडीचा खोका उघडला, तर वरच लखनचा पुठ्ठा. ताकदीच्या आकड्यावर सतरा लिहिलेलं लेबल चिकटवलेलं, तेही तिरपं. दिवसभर तिचं कामच ते: तिरपं लेबल नखानं न फाडता उचलायचं आणि सरळ लावायचं. हात आपोआप गेला. लेबल निघालं. खाली ललितच्या अक्षरात लिहिलं होतं: ताकद पाच.

लेबलांचा रोलही तिनंच त्याला आणून दिलेला.

"हे काय रे?"

ललितनं नाकारलंसुद्धा नाही. "पाचवर लखन खेळ सोडी उठी जाता ना! आन तू कोठे जानार व्हती?" त्यानं फासे पुढं सरकवले. "टाक. तुले बी परत टाकू देस."

फसवलं याहून, ही कुठं जात नाही हे धरून फसवलं, ते तिला जास्त लागलं.

तिनं लेबल जागेवर ठेवलं, सरळ केलं आणि अंगठ्यानं घट्ट दाबलं.

"आता नाही कळणार कुणाला," ती म्हणाली. भूराचा पुठ्ठा घेतला आणि चपला घातल्या.

जिन्यात लखन भेटला. "अय, कोठे चालनी?"

"घरी," योगिता म्हणाली, आणि थांबली नाही.