बियाचा दुध्या

काळभैरवाचं दर्शन उरकून शिवराजचे साहेब दुपारी चहाला घरी येणार होते. शिवराजनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. बाज आत गेली, दारात सडा पडला. मग तो विळा घेऊन दारातल्या मांडवाकडं वळला. मांडवावरचा दुध्याचा वेल वाळत चालला होता. पानं करपलेली, आणि मधोमध एकच दुध्या, देठाला चिंधी बांधलेला.

त्याचा बाप, उत्तरेश्वर, उठून वेलाखाली जाऊन बसला.

"दादा, बाजूला व्हा. आन् तुम्हीबी तो सदरा बदला. किती सीडी दिसतंय सगळं!"

"सीडी म्हंजी?" उत्तरेश्वरनं नातीला विचारलं.

मोनिकानं मोबाईलवर शोधलं. "कळकट, रया गेलेलं. आबा, इंग्रजीत सीड म्हंजी बी. झाड बियावर आलं की वाळतं, भकास दिसतं. त्यावरनं माणसालाबी तसं म्हणायला लागले."

"दिसतंय कसं तेवढंच बघितलं व्हय त्यांनी? झाड काय करतंय ते न्हाय बघितलं!"

या दुध्याचं बी उत्तरेश्वरच्या बायकोनं, गजराबाईनं माहेराहून, सास्तूरहून आणलं होतं. भूकंपात ते घर गेलं, तिकडं हे बी कुणाकडंच उरलं नाही. यंदा तिनं डब्यातलं शेवटचं बी टोकलं आणि या दुध्याला आपल्या लुगड्याची चिंधी बांधली. चिंधी बांधलेला दुध्या बियासाठी, तो तोडायचा नाही. दिवाळीनंतर ती गेली.

उत्तरेश्वरनं हात वर करून दुध्या हलवला. आत बी अजून वाजत नव्हतं.

"आज कापला तर सगळं पोचट निघंल."

"एका दुध्यापायी साहेबांसमोर माझी इज्जत घालवता?"

"तुझ्या आईनं बांधलेली गाठ हाय ती. विळा चालवायचा तर आधी माझ्या हातावर चालव."

शिवराजनं विळा भिंतीकडं भिरकावला आणि आत गेला.

साहेब आले तेव्हा उत्तरेश्वर तिथंच होता, त्याच सदऱ्यात. कोपराचं ठिगळ गजराबाईच्या हातचं होतं.

"आजोबा, हे वाळलेलं काढलं नाही अजून?"

"बियाला सोडलंय, साहेब. संक्रांतीपर्यंत आमी दोघंबी असंच दिसणार."

वेल दारावर लोंबत होता. साहेबांना वाकून आत जावं लागलं.