जमणे म्हणजे गेट टुगेदर

मी एक शंभरपानी वही बोलतेय. पेठ वडगावच्या दुकानात आठ महिने धूळ खात पडले होते. निशानं मला उचललं, फुंकर मारली आणि पिशवीत कोंबलं.

निशा कारखान्यात पंप जोडते. नऊ वर्षं झाली, डोळे मिटून जोडेल. पण लाइन लीडर, म्हणजे जोडणीच्या अख्ख्या रांगेची मुकादम, व्हायचं तर साहेबांपुढं इंग्रजीत बोलायला हवं होतं. म्हणून तिनं माझ्यावर जोडणीचेच शब्द लिहिले. पुट टुगेदर म्हणजे जोडणे. टीम अप म्हणजे संगतीनं काम करणे. गँग अप म्हणजे टोळी करून अंगावर जाणे. गेट टुगेदर म्हणजे जमणे.

त्या शेवटच्या ओळीला मी ओरडायला हवं होतं. पण वहीला कुठलं आलंय तोंड?

सासूबाई मीनाबाई भाकरी थापता थापता ऐकायच्या. "ह्या गोऱ्यांला सरळ बोलाय येत न्हाय व्हय गं? प्रत्येक शब्दाला शेपूट कशाला?"

"आत्या, हसू नगासा. हे पाठ झालं न्हाय तर माझ्या हाताखाली शिकलेला धैर्यशील माझ्याच डोक्यावर बसंल."

मुलाखतीला मी तिच्या मांडीवर होते. साहेब चेन्नईचे, शेजारी आपल्या कोल्हापूरच्या तेजस्वी मॅडम. सुरुवात झकास झाली. मग साहेबांनी विचारलं, "फोर्टीन लेडीज ऑन द लाइन. विल यू मॅनेज?"

निशाच्या मनात उत्तर तयारच होतं: जमंल की! तिनं माझं पान आठवलं आणि ठणकावून सांगितलं, "येस सर! वुई विल गेट टुगेदर!"

साहेबांचा चहा बशीत सांडला. तेजस्वी मॅडमना हसू आवरेना. "अहो निशाताई, तुम्ही साहेबांना तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणाचं आमंत्रण देताय! जमंल म्हणायचंय ना तुम्हाला?"

निशाचे कान लाल झाले. मी तर शरमेनं मेले; चूक माझ्याच पानावरची. आता ही रडणार, असं मला वाटलं. पण तिनं मला खाली ठेवलं आणि टेबलावरचा सुटा केलेला पंप पुढं ओढला. "सर, आय पुट टुगेदर. यू सी." हात चालू, तोंड चालू. "सील हिअर. नट टाइट. नो लीक." व्याकरणाचा पार चेंदामेंदा झाला, पण पाणी सोडल्यावर पंप थेंबभरही गळला नाही.

तिला पद मिळालं. लाइनवर तिला 'गेट टुगेदर मॅडम' म्हणतात, आणि तीही ओ देते.

आता लाइनवरच्या चौदाही बायकांना इंग्रजी हवंय. जेवणाच्या सुट्टीत निशा माझी पानं फाडून वाटते. दुखतं, खोटं कशाला बोलू? पण ऊरही भरून येतो. आज माझं शेवटचं पान त्यांतली अंबूबाई मागतेय.

"मॅडम, चुकीचं ल्ह्यालं तर ओ?"

"ल्ही की. चुकल्याबिगर कोण हसणार, आन् हसल्याबिगर कोण सांगणार?"

फाडा बाई, बिनधास्त फाडा. लिहा, चुका, आणि मोठ्यानं बोला. मी निघाले.