जावयाचा लिलाव

अंजनाच्या मेंढ्याचं नाव जावई. दुसऱ्या जनावराला आधी वैरण टाकली की तो रुसून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि गूळ दाखवल्याशिवाय वळायचा नाही, म्हणून हे नाव पडलं. जातीचा माडग्याळी, नाक पोपटासारखं बाकदार. आटपाडीच्या बाजारात नेला तर माणसं त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायची. अंजनाचा नवरा सुभेदार, तिकडं आसामात. घर, जनावरं आणि खणायला घेतलेली विहीर हे सगळं तिच्याच अंगावर. विहिरीला काळा पाषाण लागला, तो फोडायला पैसा हवा होता. मन घट्ट करून तिनं जावई विकायला काढला.

"बाजारात निम्मं दलालच खातोय, वहिनी," धाकटा दीर धैर्यशील म्हणाला. "आमच्या मेंढ्यांच्या ग्रुपवर लिलाव लावू. सगळं मोबाईलवर."

लिलावात विट्याकडचे सयाजीराव आणि लोणंदचा शिवतेज यांची जुंपली. सयाजीराव एक लाख पंचावन्नला थांबले. शिवतेजनं एकसष्ट टाकले आणि खाली लिहिलं, 'विषय संपला.' ग्रुपवर टाळ्या आणि फटाक्यांच्या चित्रांचा नुसता पाऊस पडला. अंजनानं जावयाला ओवाळलं आणि पदरानं डोळे पुसले.

विषय मात्र संपला नव्हता. आधी शिवतेजच्या बँकेचा सर्व्हर बंद पडला. मग मेंढा न्यायची गाडी बिघडली. मग त्याचे थोरले चुलते वारले. अंजनाला वाईट वाटलं. सुतकातल्या माणसाला पैशाचं काय विचारायचं? उलट फोनवर तिनं त्याला धीराचे चार शब्द सांगितले. आणि सुतक फिटायच्या आतच शिवतेजच्या स्टेटसला एका हळदीचा व्हिडिओ आला. 'थोरल्या काकांचा नादच खुळा' असं वर लिहिलं होतं आणि चुलते कमरेला उपरणं बांधून डीजेपुढं नाचत होते.

"बरं वाटलं म्हणायचं चुलत्याला," अंजना म्हणाली.

पुढचं स्टेटस बघितलं आणि तिचं डोकंच फिरलं. जावयाचा फोटो होता. 'आमच्या दावणीचा नवा वाघ.' फोटो तिच्याच अंगणातला. शिवतेजनं तिला त्यातून कापून टाकलं होतं, दोरी धरलेला बांगड्यांचा हात तेवढा राहिला होता. ग्रुपवर अभिनंदनाची ही रांग.

"ग्रुपमधनं हाकलतोच त्याला," धैर्यशील म्हणाला.

"नगा हाकलू. पत्ता दिलाय न्हवं त्यानं? पिकअप काढा. त्याचा वाघ त्याला नेऊन देऊ."

लोणंदपर्यंत अंजना काय काय बोलायचं ते मनात घोकत गेली. बंगल्यापुढं दोन गाड्या उभ्या, दारात चपलांचा ढीग. शिवतेजची आई भरजरी साडीत लगबगीनं बाहेर आली.

"कोण पायजे?"

"जावई आणलाय," अंजना म्हणाली.

"कुणाचा?"

"आता तुमचाच म्हणायचा. गाडीत बांधलाय."

बाईचा चेहरा उतरला. "आवं, आमाला लेकच न्हाई, जावई कुठला? आन बांधलाय कशाला त्याला?"

तेवढ्यात गाडीतून जावयानं खणखणीत हाक दिली. आतली माणसं बाहेर आली. सगळ्यांत पुढं एक फेटेवाले गृहस्थ होते. मेंढा दिसताच त्यांनी हातातली पोह्यांची बशी शेजारच्याच्या हातात दिली आणि सरळ गाडीपाशी गेले.

"हाच त्यो! शिवतेजराव, तुमी तर म्हणाला, रानात चराय गेलाय!"

हे सयाजीराव. लिलाव हरल्यावर, मेंढ्यावर एवढा पैसा लावणारा गडी कोण, याची त्यांनी चौकशी केली होती. स्टेटस बघितलं, बंगल्याचं ऐकलं, पोरगा लग्नाचा आहे हे कळलं आणि आपल्या लेकीचं, क्रांतीचं स्थळ त्यांनी आपणहून आणलं. आज लेकीला घेऊन घर बघायला आले होते. सुपारी फोडायचीच काय ती बाकी होती.

मागून शिवतेज आला, कडक इस्त्रीत. "चरायलाच गेला होता," तो म्हणाला. "आम्ही गाडीनं पाठवतो."

"आटपाडीला?" अंजनानं विचारलं.

क्रांती कुपवाडच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामाला होती. तिनं वडिलांचा फोन घेतला, स्टेटसमधला फोटो मोठा करून बघितला, मग अंजनाच्या मनगटाकडे बघितलं.

"आबा, हा हात ह्यांचा आहे."

घोकून आणलेलं सगळं अंजनाच्या तोंडाशी आलं होतं. पण शिवतेजच्या आईचं तोंड बघून तिनं ते गिळलं. "पोरानं बोली लावली, पैसं दिलं न्हाईत. माझं एवढंच म्हणणं हाय," ती म्हणाली.

"मला वाटलं, माझ्या बोलीच्या वर अजून कुणीतरी बोलंल," शिवतेज पुटपुटला. "कुणी बोललंच न्हाई."

"आन थोरलं चुलतं?"

"माझं काय?" मागून पोहे खाता खाता एकानं विचारलं.

"तुमी वारला व्हता."

चुलत्यांचा चमचा तोंडातच राहिला. आईनं शिवतेजचा दंड धरला. "चल तू आत," ती म्हणाली आणि त्याला घेऊनच गेली.

सयाजीरावांचं या कशातच लक्ष नव्हतं. ते जावयाचे दात बघत होते. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी लेकीकडे वळून बघितलं. "क्रांती, काय करायचं गं?"

"मेंढा घ्या, आबा. बाकीचं राहू द्या."

सयाजीरावांनी आपली पंचावन्नची बोली पुन्हा लावली. अंजनानं मान डोलावली. लाखभर रुपये तिथंच फोनवरून आले, पण त्यापुढं त्यांचा फोन पैसे सोडेना.

"उरलेलं उद्या देतो, ताई. माणूस बघा."

"माणूस लय बघितलं, दादा. उरलेलं येतील तवा मेंढा."

सयाजीराव वरमले. क्रांती मात्र खुदकन हसली आणि उरलेले पैसे तिनं स्वतःच्या फोनवरून टाकले. धैर्यशीलनं जमा झाल्याचा मेसेज वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवला, आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

थोडी वाट वाकडी करून विट्याला मेंढा पोचवायचं धैर्यशीलनं कबूल केलं. क्रांती आणि पाहुणे त्यांच्या गाडीत बसले. सयाजीराव काही बसेनात. फेटा सावरत ते पिकअपच्या मागं चढले आणि जावयाजवळ मांडी घालून बसले.

फलटण मागं पडल्यावर अंजनानं मागच्या काचेतून बघितलं. सुपारीसाठी आणलेला पेढ्यांचा पुडा फोडून सयाजीराव जावयाला एकेक पेढा भरवत होते. जावई भिंत शोधत नव्हता, रुसतही नव्हता. अंजनाला जरा रागच आला त्याचा. पेढ्यानं पोट बिघडेल, असं सांगायला तिनं काच सरकवली, पण सयाजीराव मेंढ्याशी काहीतरी बोलत होते. तिनं काच परत लावली.

"विहिरीवाल्याला फोन लावा, भावजी," ती म्हणाली. "उद्यापास्नं या म्हणावं."