तोबरा

दूध उतू जाऊन करपलं, तरी सायराकान खिडकीशी लोकर विंचरत बसली होती. दारातून आत येणारी गुलबार्चिन धावली आणि तिनं भांडं खाली उतरवलं.

"आपा, गल्लीपर्यंत वास सुटलाय."

"मला कुठला येतोय, पोरी? माझं नाक नुसतं शोभेला उरलंय."

गुलबार्चिन ही बातमाची मुलगी. बातमा आणि सायराकान ऐन तारुण्यात एकाच कारखान्यात, एकाच हौदाशी उभ्या असत. नळांवर, दारांच्या मुठींवर क्रोमचा मुलामा चढवायचा. तांबूस पाण्यातून वाफ उठे, घसा चरचरे, नाकातून रक्त येई. पाळी संपली की प्रत्येकीला दुधाची बाटली मिळे. दुधानं विष उतरतं, असं मोठे मोठे साहेबही सांगत. तिथंच प्यायचं, असा नियम होता. पण लेकुरवाळ्या बाया बाटली कोटाआड लपवून घरी नेत. बातमाला तेव्हा मूल नव्हतं. सायराकानचा एर्किन किरकोळ, सदा आजारी. त्याच्यासाठी बातमा आपलीही बाटली देऊन टाकी. "मी घोडीसारखी धडधाकट आहे," म्हणे.

एर्किन उंचापुरा झाला. बातमाची छाती खोकून खोकून रिकामी झाली. ती गेली तेव्हा गुलबार्चिन शाळेत होती. त्या दिवसापासून सायराकाननं आपल्या चहात दूध घातलं नाही. दह्यासारखं घट्ट आयरान लावी, तेही शेजाऱ्यांसाठी.

आज गुलबार्चिन आशीर्वाद मागायला आली होती. जुन्या कारखान्याच्या अर्ध्या भागात कुणीतरी पुन्हा मुलाम्याचं काम सुरू केलं होतं. काही दिवस शिकाऊ म्हणून काढल्यावर सोमवारपासून ती तिथं कायम होणार होती. दुसरं काम गावात नव्हतंच. तिला अडवणार कोण, आणि कोणत्या तोंडानं?

"दूध देतात का?" सायराकाननं विचारलं.

"नाही, आपा. शिकवायला आलेली बाई तर हसली. म्हणाली, वाफ जाते छातीत, दूध जातं पोटात. तुझ्या आईनं बाटल्या रिचवल्या असत्या तरी तेच झालं असतं."

सायराकानच्या हातातली फणी थांबली. एवढ्या वर्षांचा तो कोरा चहा.

"मग काय देतात?"

गुलबार्चिननं पिशवीतून रबरी मास्क काढला आणि ओशाळून पुन्हा आत सारू लागली.

"हा. पण कुणी घालत नाही. घातला की जुन्या बाया म्हणतात, आली बघा घोडी, तोबरा बांधून."

सायराकाननं फणी बाजूला ठेवली. मास्क तेव्हाही होते, खिळ्याला टांगलेले. बातमानं एकदा, एकदाच घातला होता. तोबऱ्याची ती थट्टा सायराकानचीच. सगळा विभाग पोट धरून हसला होता, बातमासुद्धा. हसत हसतच तिनं मास्क खिळ्याला परत अडकवला होता.

"घाल तो," सायराकान म्हणाली.

"इथं?"

"इथंच. माझ्यासमोर."

गुलबार्चिननं पट्टे डोक्यामागे ओढले. सायराकाननं दोन्ही तळवे वर केले, आशीर्वाद पुटपुटला, चेहऱ्यावरून हात फिरवले. मास्कच्या आतून "ओमीन" घुसमटत आलं. मुलगी पट्ट्याकडे हात नेणार, तोच म्हातारीनं तो धरला.

"राहू दे. मी गल्लीच्या टोकापर्यंत येते."

गल्लीत बाकावर बाया बसल्या होत्या. त्यांतली एक हसू लागली. सायराकान मुलीचा हात न सोडता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हसू विरेपर्यंत तिथून हलली नाही.