अंधाराआधीचं बंदर

"गोव्याला जाणाऱ्या बोटीत बसायचं आणि गोव्याला जायचंच नाही? मधेच उतरायचं ते कुठं?" थॉमसनं विचारलं.

"हर्णैला," दया म्हणाली.

"हर्णैला आहे काय?"

"उजेड आहे."

थॉमसनं बायकोकडं पाहिलं. विजयमाला लसूण सोलत होती, तिनं मान वर केली नाही. रविवारची उपासना आटोपून चौघं जण नगरच्या मिशन कंपाउंडमधल्या घराच्या पडवीत बसले होते. मधे शाळेचं नकाशाचं जुनं पुस्तक उघडं पडलं होतं आणि मुंबईपासून खाली उतरत जाणाऱ्या किनाऱ्यावर दयानं पेन्सिलीनं वेळा लिहिल्या होत्या. पडवीच्या टोकाला, कडुलिंबाखालच्या बाजेवर यशया बसले होते. दया आणि थॉमसचे वडील. पंच्याहत्तरी उलटलेली, अंगकाठी अजून ताठ.

दया दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाची सिस्टर होती. तीस वर्षांची नोकरी, आणि सलग दहा दिवसांची रजा तिनं आयुष्यात पहिल्यांदा मागितली होती. तिनं लग्न केलं नव्हतं. घरातले मोठे निर्णय थॉमस घ्यायचा. तो पारनेरला हायस्कुलात शिक्षक होता आणि लोक त्याला विचारायला यायचे. जमीन विकायची की ठेवायची, आईला कुठं पुरायचं, घराला पत्रे घालायचे की कौलं, सगळं त्यानंच ठरवलं होतं. दयानं कधी हरकत घेतली नव्हती. सहलीचं मात्र तिनं ठरवलं होतं.

कारण सरळ होतं. यशयांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. डावा डोळा गेलाच होता. उजव्यानं समोरचं दिसायचं, पण कडेचं हळूहळू विझत चाललं होतं, आणि दिवस मावळला की तेवढंही नाही. "वर्षभर, फार तर," असं डॉक्टर म्हणाले होते.

आणि यशया अधूनमधून एक गोष्ट सांगायचे. पहिल्या महायुद्धात, विशी गाठलेली असताना, ते फावडं-कुदळीच्या पलटणीत भरती होऊन इराकातल्या बसऱ्याला गेले होते. जाताना बोटीच्या तळात, येतानाही तळातच. "जाऊन येऊन म्हैनाभर समिंद्रावर व्हतो," ते म्हणायचे, "पन समिंद्र काय पाह्यला न्हाई. नुसता ऐकला." लोक हसायचे. तेही हसायचे.

"दादांना समुद्रच दाखवायचा ना?" थॉमस म्हणाला. "मग चौपाटीवर नेऊ. नाहीतर सरळ गोवा. जुनी चर्चं आहेत, धक्का आहे, बोट धक्क्याला लागते, माणूस आरामात उतरतो. या तुझ्या हर्णैला काय?"

दयाची मैत्रीण सारा, नगरलाच तिच्याबरोबर शिकलेली, आता दापोलीला नर्स होती. तिनं अंतर्देशीय पत्रात बोटीच्या सगळ्या वेळा उतरवून पाठवल्या होत्या, आणि शेवटी एक ओळ लिहिली होती. दयानं ती लपवली नाही. पत्र भावापुढं सरकवलं.

थॉमसनं मोठ्यानं वाचलं. "'हर्णैला धक्का नाही. बोट खोल पाण्यात उभी राहते आणि पडावात उतरून किनाऱ्याला जावं लागतं. म्हाताऱ्या माणसाचं अवघड आहे, विचार कर.'" त्यानं पत्र खाली ठेवलं. "पडाव म्हणजे होडी, अक्का! हलत्या बोटीतून हलत्या होडीत! ज्याला पायाखालचं दिसत नाही असा माणूस!"

"बोट सकाळी दहाला मुंबईहून सुटते," दया हळू, पण न अडखळता म्हणाली. "हर्णै चारच्या आसपास. त्यापुढं दाभोळ, जयगड, रत्नागिरी. रत्नागिरीला रात्र होते. पहाटेपर्यंत सगळा अंधार. म्हणजे गोव्याला जायचं तर दादांनी परत एक रात्र बोटीवर काळोखात काढायची. मी नाही काढू देणार. उलट बाजूनं यावं, तरी मधे रात्र आहेच. मी सगळ्या वेळा लावून पाहिल्या. अंधाराआधीचं बंदर ते एकच, जिथं पुढं आपलं माणूस आहे."

"आणि पडावात उतरताना काही झालं तर? जबाबदारी कुणाची?"

"माझी."

बाजेवरून आवाज आला. "थॉमस, माज्या डोळ्याचं मला ठावं हाय. दयी म्हनंल तितं उतरायचं."

विजयमाला लसणाची सालं पदरातून झटकत म्हणाली, "झालं की मग. मला उलटी होऊ नये म्हणून लिंबं घ्या बरोबर."

*

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, सकाळी आठलाच, चौघं भाऊच्या धक्क्यावर होती. एस.टी.नं पुणे, तिथून आगगाडीनं मुंबई, आणि रात्री भायखळ्याला विजयमालाच्या मावशीकडं मुक्काम, असं सगळं दयाच्या कागदाबरहुकूम पार पडलं होतं. फळी ओलांडून लोक डेकवर धावत होते, चादरी अंथरून जागा धरत होते. थॉमसनं उजवीकडच्या सावलीत वळकटी टाकली.

"तिथं नको," दया म्हणाली. "डावीकडं."

"डावीकडं ऊन आहे, दिसत नाही का?"

"आत्ता आहे. बोट दक्षिणेला जाणार. किनारा डावीकडं. बारानंतर सूर्य पलीकडं गेला की सावली आपल्याकडं येईल."

थॉमसनं वळकटी उचलली, पण चेहरा आखडलेलाच ठेवला. दयानं ट्रंक कठड्याजवळ आडवी ठेवली आणि वडिलांना तिच्यावर असं बसवलं की उजवा डोळा नेमका कठड्याबाहेर लागावा. वॉर्डात खिडकीकडं तोंड करून खाट लावावी तसं तिनं त्यांना दोनदा हलवून पाहिलं.

"दिसतंय?"

"दिसतंय."

भोंगा वाजला. धक्का आपणहून मागं सरकल्यासारखा झाला. मुंबईच्या इमारती लहान होत गेल्या आणि पाणी गढूळ हिरव्यातून निळ्यावर आलं.

यशया कठडा धरून पाण्याकडं एकटक पाहत होते. अर्धा तास गेला, तास गेला. विजयमाला लिंबू चोखत डोळे मिटून पडली. थॉमस वर्तमानपत्र वाचत होता आणि मधूनच वडिलांकडं, मग बहिणीकडं पाहत होता. दयाला वाटलं, आपण यांना उगाच जुन्या जागी आणून बसवलं. ज्याची आठवण नको, तेच पुढं मांडलं.

"दये," यशया अखेर म्हणाले. नजर पाण्यावरच होती. "हे किती खोल असंल?"

"ठाऊक नाही दादा. पुष्कळ."

"लई निळं हाय गं. मला वाटायचं, काळं असंल." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "माज्या शेजारी बन्सी झोपायचा. निंबळकचा. आमी संगंच भरती झाल्तो. तळात चौथ्या दिशी त्याला हगवन लागली. पाचव्या दिशी गेला. चादरीत गुंडाळून वर नेला. मी म्हनलं, मला बी येऊ द्या. न्हाई येऊ दिलं. वरचं झाकन लावलं. मंग वरनं आवाज आला पान्याचा. येवढाच." त्यांनी हाताची बोटं जुळवून दाखवली. "आज पंचावन्न वर्सं मला वाटतंय, त्याला काळ्या चिखलात टाकला. हे असलं पानी हाय, हे कुनी सांगितलंच न्हाई मला."

थॉमसनं वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं. बन्सी हे नाव दोघा भावंडांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

दया वडिलांजवळ खाली बसली. यशयांनी डोक्याचा पटका काढला, मांडीवर ठेवला, ओठ हलवत थोडी प्रार्थना केली आणि पटका पुन्हा नीट बांधला. मग एकदम म्हणाले, "ते तितं पांढरं काय हाय?"

तिथून पुढं ते थांबलेच नाहीत. ते पांढरं काय, ही झाडं कसली, हे पक्षी रात्री कुठं बसतात, पाण्यात मधोमध किल्ला बांधला तर चुना कशात कालवला? एक म्हातारा खलाशी जाता जाता थांबला आणि जंजिरा दाखवून गेला. मग दर तासाला तो स्वतः येऊन नावं सांगू लागला. बाराच्या पुढं सूर्य कलला. डावीकडं सावली आली आणि उजवीकडची माणसं वळकट्या काखोटीला मारून जागा शोधत इकडं यायला लागली. विजयमालानं एक डोळा उघडून नवऱ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"बरोबर होतं तुझं," थॉमस बहिणीला म्हणाला. असं तो पहिल्यांदाच म्हणत होता, त्यामुळं दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. मग तो उठला, कुठून तरी चार कप चहा घेऊन आला आणि दयाच्या हातातला कागद घेऊन पुढच्या बंदरांची नावं वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवू लागला. श्रीवर्धन आलं तेव्हा आजूबाजूचे सातआठ जण यशयांभोवती कोंडाळं करून बसले होते. "आमच्या नगरला," यशया त्यांना सांगत होते, "हिरीत पानी लागलं तर पेढं वाटत्यात!"

*

चारला दहा कमी असताना बोट हर्णैसमोर थांबली. उजव्या अंगाला पाण्यातला किल्ला, समोर किनारा, आणि किनाऱ्यावरून पडाव वल्ही मारत येत होते. वरून पाहताना दयाला पहिल्यांदा कळलं, की सारानं ती ओळ का लिहिली होती. बोट संथ डोलत होती, पण तिला लागलेला पडाव लाटेबरोबर हातभर वर यायचा आणि तेवढाच खाली जायचा. शिडीची शेवटची पायरी आणि पडावाची कड यांच्यामध्ये एकदा वीतभर अंतर, एकदा दोन हात.

"अक्का, अजून वेळ आहे," थॉमस तिच्या कानाशी म्हणाला. आवाजात राग नव्हता, भीती होती. "पुढं जाऊ. धक्का असेल तिथं उतरू."

एका तरुण खलाशानं यशयांपुढं पाठ वाकवली. "आजोबा, बसा पाठीवर. पोत्यासारखे नेतो खाली."

यशयांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं. "तवा बी पोत्यासारखंच नेलं हुतं, बाबा. आज माज्या पायानं उतरतो." मग त्यांनी मान फिरवून लेकीला शोधलं. "दये, मला खालचं दिसत न्हाई. कवा पाय टाकू ते तू सांग."

दयानं पदर खोचला आणि आधी ती उतरली. लाट वर येताच तिनं पडावात पाय टाकला, धडपडली, उभी राहिली. दोन्ही हात वर केले. थॉमस वरून वडिलांचा दंड धरून एकेक पायरी उतरवत होता. शेवटच्या पायरीवर यशया थांबले. कठडा हातात, एक पाय हवेत.

पडाव खाली गेला. "थांबा," दया म्हणाली.

वर आला, पण पुरता नाही. "थांबा, दादा. अजून नाही."

तिचा आवाज बदलला होता. वॉर्डात पहिलटकरणीच्या उशाशी उभी राहून तीस वर्षं ती याच आवाजात बोलत आली होती. घाई नाही, भीती नाही, थांबायचं म्हणजे थांबायचं. कठड्यावरून वाकून विजयमाला पाहत होती.

पडाव पुन्हा खाली गेला. पाण्यानं एक दीर्घ श्वास घेतल्यासारखं केलं आणि मोठी लाट पोटाखाली शिरली.

"थांबा... थांबा... आता!"

यशयांनी पाय टाकला. दयानं त्यांना कमरेशी धरलं, दोघंही मागं कलंडली, पडाववाल्यानं पाठीला आधार दिला, आणि यशया उभे होते. आपल्या पायांवर. डेकवरून कुणीतरी शिट्टी वाजवली, कुणी टाळ्या पिटल्या. तो म्हातारा खलाशी ओरडला, "जिंकलात, आजोबा!"

"मी न्हाई," यशया धापा टाकत म्हणाले. "ही." आणि हसायला लागले. त्यांच्या दातांच्या फटी दिसल्या.

त्यांच्यामागून थॉमस उतरला, तो मात्र चुकीच्या लाटेवर. गुडघा फोडून घेतला. विजयमालाला तिघांनी मिळून झेललं, आणि ती एवढी हसली की पडाव हलायला लागला.

किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं. पडाववाले उतारूंना खांद्यावर घेऊन वाळूवर सोडू लागले. यशयांनी वहाणा काढून दयाकडं दिल्या, धोतर गुडघ्यावर खोचलं आणि पाण्यात उतरून चालू लागले. वाळू चारपाच हातांवर राहिली तेव्हा ते थांबले, वळले आणि समुद्राकडं तोंड करून उभे राहिले.

बोटीनं भोंगा दिला. ती दक्षिणेकडं वळली, लहान झाली. ऊन अजून चांगलं पिवळं होतं. थॉमसनं घड्याळ पाहिलं. दापोलीची एस.टी. पाचला होती. तो बहिणीजवळ आला.

"अक्का, हाक मारू का त्यांना? का पुढच्या गाडीनं जायचं? तू सांग."

भेटीची वेळ संपली, आता बाहेर व्हा, असं तीस वर्षं लोकांना सांगत आलेली दया ट्रंकेवर बसली. वडिलांच्या वहाणा तिच्या मांडीवर होत्या.

"पुढच्या गाडीनं," ती म्हणाली.

डोक्यावर पाटी घेतलेली एक कोळीण पाण्याच्या कडेनं चालली होती. गुडघाभर पाण्यात एकटाच उभा असलेला म्हातारा पाहून ती थबकली.

"बाबा, काय हरवलं काय तुमचं?"

"न्हाई माय," यशया म्हणाले. "बघतोय."